परतफेड न मागणारे जेवण

वाचन : लूक १४:७-१४



नाताळ, नववर्ष, लग्नसराई, पहिला ख्रिस्तप्रसाद, मुलांचे वाढदिवस, आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असे प्रसंग आपल्या घरांत वर्षभर येतच असतात. प्रसंग कोणताही असो, तो साजरा होतो जेवणाने. चर्चमध्ये पवित्र मिस्सा होते, मग घरी किंवा हॉलमध्ये पंगत बसते. नातेवाईक येतात, मित्र येतात, वर्षभर न भेटलेली माणसे एकमेकांना भेटतात. ही परमेश्वराची मोठी देणगी आहे. तिच्याबद्दल आपण त्याचे आभार मानले पाहिजेत.

परंतु आजच्या पाठात आपण स्वतःला एक प्रश्न विचारणार आहोत. आपल्या आनंदाच्या जेवणाला कोण येते आणि कोण येत नाही?

आहेराची वही

आमच्यापैकीच एका घरातली ही गोष्ट आहे. नातवाचा पहिला वाढदिवस होता. हॉल घेतला, केटरर ठरवला, तीनशे पाने झाली. गावातल्या एका विधवा आत्यालाही रीतसर निमंत्रण दिले होते. ती आली नाही. घरच्यांना वाईट वाटले, थोडा रागही आला. "एवढ्या मानाने बोलावले, तरी आली नाही," असे बोलणे झाले.

पुढे एका मयतीच्या घरी तिची भेट झाली. तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाळा, पाकिटात घालायला काही नव्हते रे. रिकाम्या हाताने कशी येऊ? सकाळच्या मिस्साला आले होते, पोरासाठी प्रार्थना केली आणि घरी गेले."

त्या घरात आहेराची वही होती, जशी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असते. कोणी किती दिले ते तीत लिहायचे आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढेच किंवा थोडे वाढवून परत करायचे. एकमेकांच्या अडीअडचणीला हातभार लागावा हा त्यामागचा मूळ हेतू चांगलाच होता. परंतु पुढे पुढे तो हिशेब होऊन बसतो. ज्याला देता येत नाही तो लाजतो, आणि लाजून घरीच बसतो. त्याला कोणी हाकलून दिलेले नसते, तरीही तो बाहेरच राहतो.

प्रभू येशू यजमानाशी बोलतो

आता शुभवर्तमानाकडे वळू या. शब्बाथ दिवशी प्रभू येशू एका परूशी अधिकाऱ्याच्या घरी जेवायला गेला होता. पाहुणे मानाच्या जागा निवडत होते, ते त्याने पाहिले. प्रथम तो पाहुण्यांशी बोलला : शेवटच्या जागी जाऊन बसा. नंतर तो यजमानाकडे वळला. त्याला तो सांगतो की, मेजवानी करशील तेव्हा मित्र, भाऊ, नातलग आणि श्रीमंत शेजारी यांनाच बोलावू नकोस. का? कारण तेही तुला उलट बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. त्याऐवजी गरीब, लुळे, लंगडे, आंधळे यांना बोलाव. त्यांच्याजवळ परत देण्यासारखे काही नाही, म्हणूनच तू धन्य होशील.

येथे प्रभूने परतफेडीवरच बोट ठेवले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरात वही नसेल, परंतु हिशेब होता.

प्रभू येशू नातेवाइकांना बोलावण्याची मनाई करतो का? नाही. तो स्वतः पेत्राच्या घरी जात असे. बेथानीला मार्था, मरिया आणि लाजरस यांच्या घरी जेवत असे. काना गावच्या लग्नाला तो आपली आई व शिष्य यांच्यासह हजर होता. आपल्या माणसांबरोबर जेवणे त्याला प्रिय होते. आपली मेजवानी फक्त देवाणघेवाण होऊ नये, एवढेच तो सांगतो.

पवित्र शास्त्रातील वाढदिवस

पवित्र शास्त्रात वाढदिवसाची मेजवानी म्हणून दोन प्रसंग स्पष्ट सांगितले आहेत. उत्पत्तीच्या चाळीसाव्या अध्यायात मिसरचा राजा फारो आपल्या वाढदिवशी मेजवानी देतो आणि त्याच दिवशी आपल्या आचाऱ्याला फाशी देतो. मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोद आपल्या वाढदिवशी सरदार आणि गालीलातील प्रमुख लोकांना जेवण देतो. त्या मेजवानीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आणले जाते.

मार्क एक बारीक गोष्ट सांगतो. हेरोदाला वाईट वाटले होते. योहानाला मारावे असे त्याला वाटत नव्हते. परंतु पाहुण्यांच्या देखत शपथ घातली होती, मग त्यांच्यासमोर मागे कसे यायचे? लोक काय म्हणतील, या एका विचाराने त्याने निरपराध माणसाचा जीव घेतला. आपण कोणाचा जीव घेत नाही. पण "लोक काय म्हणतील" म्हणून कर्ज काढून वाढदिवस करणारे आणि मग दोन वर्षे हप्ते भरणारे आपल्यात नाहीत का?

ही दोन उदाहरणे पाहून तिसऱ्या शतकातील ओरिजेन या विद्वानाने वाढदिवस साजरे करण्यावर टीका केली होती. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक हुतात्म्यांच्या मृत्यूचा दिवस हाच त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस मानून साजरा करीत. तरीही ख्रिस्तसभेने जन्मदिवस टाकून दिला नाही. तिच्या उपासनेच्या वर्षात तीन जन्मदिवस आहेत : २४ जूनला संत योहान बाप्तिस्ता, ८ सप्टेंबरला पवित्र मरियामाता आणि २५ डिसेंबरला आपला प्रभू. म्हणजे जन्माचा आनंद करणे योग्यच आहे. जीवन ही परमेश्वराची देणगी आहे, आणि देणगी मिळाल्याचा आनंद माणूस वाटूनच करतो.

ईयोबाचे घर येथे आठवते. त्याचे मुलगे आपापल्या घरी आळीपाळीने जेवण देत आणि आपल्या तिन्ही बहिणींनाही बोलावत. जेवणाचे दिवस संपले की वडील पहाटे उठून प्रत्येक मुलासाठी परमेश्वराला होमबली अर्पण करीत. भावंडांनी एकत्र जेवावे आणि वडिलांनी त्यांच्यासाठी प्रार्थना करावी, हे किती चांगले घर! आज वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून एका अंगणातले दोन भाऊ एकमेकांच्या मुलांच्या वाढदिवसाला जात नाहीत, तेव्हा ईयोबाचे घर आपल्याला खूप काही सांगते.

वाटा कोणासाठी?

जुन्या करारातील सणांचे नियम वाचले की एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. वल्हांडणाच्या जेवणाबद्दल निर्गमाच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे की, एखाद्या घराला एक कोकरू जास्त होत असेल तर शेजारच्या घराबरोबर मिळून घ्यावे. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात सणाचा आनंद कोणी करावा याची यादी आहे. तीत मुलगा व मुलगी आहेत, दास व दासी आहेत, आणि लेवी, परका, अनाथ व विधवा हेही आहेत. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांना सांगितले जाते की, घरी जा, चांगले खा-प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा.

आपल्या आजी-आजोबांना हे नियम पाठ नसतील, परंतु ते त्यांनी पाळले. नाताळच्या आदल्या दिवशी करंज्या, कुलकुल आणि केक ताटात भरून, वर स्वच्छ रुमाल झाकून, मुलांच्या हाती शेजारच्या हिंदू आणि मुसलमान घरी पाठवले जात. दिवाळीला फराळाचे ताट उलट येई. ज्या घरी त्या वर्षी मयत झाली असेल, त्या घरी सण नसे. म्हणून त्यांचे ताट आधी भरले जाई.

मंगळूरकडचे कोकणी कॅथलिक ८ सप्टेंबरला मोंती फेस्त करतात. त्यांची रीतही पाहण्यासारखी आहे. चर्चमध्ये आशीर्वादित केलेल्या भाताच्या नव्या लोंब्या घरी आणतात. त्यांचे दाणे दुधात किंवा खिरीत घालून घरातल्या सर्वांना देतात आणि मग सर्व जण एकत्र शाकाहारी जेवण जेवतात. जे नोकरीसाठी परदेशी आहेत, त्यांना ते दाणे टपालाने पाठवण्याचीही रीत आहे. ज्याला येता येत नाही त्याच्यापर्यंत ताट जाते.

घरातच न बसलेले

आणखी एक व्यक्ती आपल्या पंगतीत बसत नाही. ती निमंत्रणाअभावी नव्हे, तर कामामुळे. सर्वांचे जेवण होईपर्यंत आई स्वयंपाकघरात असते. नंतर ती उरलेले, गार झालेले जेवते. तिच्या वाढदिवशीही पुष्कळदा तीच रांधते. मार्था कामाने त्रासून गेली तेव्हा प्रभूने तिला मायेने समजावले. आपणही आईला "बस जरा" एवढेच सांगून भागणार नाही, तिच्या हातातले काम घ्यावे लागेल.

आणि जे बसले आहेत ते तरी खरोखर तेथे असतात का? पोप फ्रान्सिस यांनी ११ नोव्हेंबर २०१५ च्या आपल्या प्रबोधनात कुटुंबाच्या एकत्र जेवणाविषयी बोलताना सांगितले होते की, जे कुटुंब क्वचितच एकत्र जेवते, किंवा जेवताना बोलण्याऐवजी टीव्ही अथवा मोबाईल पाहते, त्याला कुटुंब म्हणणे कठीण आहे. पुढे त्यांनी जागतिक गरीब दिन सुरू केला. १९ नोव्हेंबर २०१७ रोजी तो पहिल्यांदा पाळला गेला, तेव्हा व्हॅटिकनमध्ये ते सुमारे दीड हजार गरिबांबरोबर स्वतः जेवायला बसले. गरिबाला मागच्या दाराने डबा देणे वेगळे आणि त्याच्याशेजारी खुर्ची ओढून बसणे वेगळे.

प्रभूच्या मेजाशी

करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना संत पौल रागावला तो याच कारणासाठी. ते प्रभुभोजनासाठी जमत, परंतु काही जण आपलेच जेवण आधी उरकत. एक भुकेला राही, तर दुसरा पिऊन मस्त होई. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का, असे त्याने विचारले. असे जेवण प्रभूचे भोजन नव्हेच, असे त्याने स्पष्ट सांगितले.

दर रविवारी आपण त्याच मेजाशी येतो. तेथे आपण काय घेऊन येतो? भाकर आणि द्राक्षारस, तेही त्यानेच दिलेले. तो आपल्याला आपले शरीर व रक्त देतो. याची परतफेड कोणाला करता येईल? त्या मेजाशी आपणच ते गरीब, लुळे, लंगडे आणि आंधळे आहोत. प्रभूने आपल्या नावापुढे आकडा लिहून ठेवला असता, तर आपल्यापैकी एकालाही चर्चची पायरी चढता आली नसती. ज्याला असे फुकट जेवायला मिळते, त्याने आपल्या घरी हिशेब कसा मांडावा?

त्या घराची गोष्ट पूर्ण करू या. पुढच्या वर्षी नातवाचा वाढदिवस घरीच झाला. बोलावणे करायला घरातली मोठी सून स्वतः आत्याकडे गेली आणि म्हणाली, "आहेर कोणाकडूनच घ्यायचा नाही असे ठरवले आहे. तुम्ही फक्त या, आणि जेवणाआधीची प्रार्थना तुम्ही सांगा." आत्या आली. तिने पोराच्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि त्याच्याशेजारी बसून जेवली. वहीत त्या दिवशी काहीच लिहिले गेले नाही.

आपण काय करू शकतो?

१. निमंत्रण देताना "आहेर आणू नये" हे सर्वांना सारखेच सांगावे. एकालाच सांगितले तर त्याचा अपमान होतो.

२. पाहुण्यांची यादी झाली की कुटुंबाने मिळून ती एकदा वाचावी आणि विचारावे : परत बोलावू न शकणारे कोणी हिच्यात आहे का? ज्याच्याशी बोलणे बंद आहे, असे कोणी आहे का?

३. अंथरुणाला खिळलेल्यांना, शोकात असलेल्या घरांना, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना पंगत बसण्याआधी ताट पाठवावे, उरलेले नव्हे.

४. सणासाठी कर्ज काढू नये. वरण-भात आणि माशाचे कालवण प्रेमाने वाढले तर तीही मेजवानीच आहे.

५. जेवणापूर्वी सर्वांनी मिळून प्रार्थना करावी आणि मोबाईल बाजूला ठेवावेत. भांडी सर्वांनी मिळून घासावीत.

चिंतनासाठी प्रश्न

• आमच्या घरच्या गेल्या कार्याला कोण आले नाही? का आले नाही, हे आम्ही विचारले का?

• आम्ही कोणाच्या घरी जाणे आहेरामुळे टाळले आहे का?

• आमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हाला तुझ्या मेजाशी बोलावतोस आणि आमच्याकडून काही मागत नाहीस. आमच्या घरच्या पंगतीलाही तसेच मन दे. जे लाजून दूर राहिले आहेत त्यांच्या दाराशी जाण्याची आम्हाला बुद्धी दे. दुरावलेल्या भावंडांना एका ताटाशी आण. रांधणाऱ्या हातांना विसावा दे. आणि शेवटी तुझ्या स्वर्गीय मेजवानीत आम्हा सर्वांना एकत्र बसव. आमेन.