भ्रमणध्वनीवरील कामांची यादी : एका बालरोगतज्ज्ञाचा अनुभव

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने वैद्यकीय विषयाचा आग्रह धरला होता. प्रस्तुत विषय वरवर पाहता तसा नाही. तथापि एका नवजात बालिकेमुळे मला त्याचा अभ्यास करावा लागला.

काही वर्षांपूर्वी देवासच्या एका कुटुंबातील बाळाच्या टाचेचे रक्त थायरॉइडच्या चाळणी तपासणीसाठी मी पाठविले होते. सातव्या दिवशी अहवाल इंदूरला माझ्या दवाखान्यात आला, टी.एस.एच. बराच वाढलेला होता. पालकांना तातडीने बोलावावे, असे मी एका कोऱ्या चिठ्ठीवर टिपले आणि संध्याकाळच्या गर्दीत ती चिठ्ठी हरवली. चोविसाव्या दिवशी, बाळ दूध नीट ओढत नाही म्हणून ती मंडळी आपणहून आली. आजी एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, अहवाल आला की फोन करीन म्हणाला होतात." जन्मजात थायरॉइड न्यूनतेवरील उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावेत, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहे. खात्रीच्या तपासणीसाठी रक्त घेऊन थायरॉक्सिन त्याच दिवशी सुरू केले. मुलगी आज शाळेत जाते, वाढही समाधानकारक आहे. परंतु ते सतरा दिवस माझ्या खाती जमा आहेत.

त्यानंतर कामांच्या यादीची तीन अ‍ॅप मी प्रत्येकी दोन महिने वापरून पाहिली. रंगरूपाकडे फारसे लक्ष दिले नाही. राहिलेले काम डोळ्यांआड होते की समोर राहते, हा माझा प्रश्न होता.

'गूगल टास्क्स' सर्वांत साधे. मुदत टळलेले काम यादीत तसेच राहते आणि दिनदर्शिकेशी त्याची जोड असते. मी वापरले तेव्हा यादी सिस्टरबरोबर वाटून घेता येत नव्हती, म्हणून ते घरच्या कामांपुरते उरले.

'मायक्रोसॉफ्ट टू डू'मध्ये वाटून घेण्याची सोय उत्तम आहे. मात्र त्यातील 'माय डे' ही आजच्या कामांची पाटी रोज मध्यरात्री कोरी होते. उरलेले काम मूळ यादीत असते आणि ते सुचविलेही जाते; पण सकाळी कोरी पाटी पाहून माणूस निश्चिंत होतो. आपल्या व्यवसायात ही निश्चिंती महागात पडते. अहवालांची यादी म्हणून मी नेहमी मूळ स्वरूपातच उघडतो.

'टूडूइस्ट'मध्ये एक बारकावा आढळला, तो लसीकरण करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. इंग्रजीत 'एव्हरी' लिहून चार आठवड्यांचे अंतर घातले, तर पुढची तारीख मूळ वेळापत्रकावरून निघते. 'एव्हरी'पुढे उद्गारचिन्ह दिले, तर काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. पेंटाव्हॅलंटचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना असतात. दुसरा डोस बाराव्या आठवड्यात पडला तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने तिसरा सोळाव्यात येतो, चौदाव्यात नव्हे. एका उद्गारचिन्हाचा हा फरक! उलट लसींच्या फ्रीजचे तापमान (२ ते ८ अंश सेल्सिअस) रोज सकाळ-संध्याकाळ नोंदवायचे असते. तेथे उद्गारचिन्ह नको. मराठीतून लिहिलेली तारीख मात्र या अ‍ॅपला उमजली नाही, आणि काही सोयींसाठी पैसे मोजावे लागतात.

रुग्णाचे नाव यादीत घालू नये. आठवण कुलूपबंद पडद्यावरही झळकते आणि टेबलावरचा फोन शेजारी बसलेले पालक सहज वाचतात. मी केवळ नोंदवहीतील क्रमांक लिहितो.

नोंदवही अर्थात अजून आहे. आपल्यापैकी काहींना 'वुंडरलिस्ट' आठवत असेल. बर्लिनचे हे लोकप्रिय अ‍ॅप मायक्रोसॉफ्टने २०१५ साली घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. याद्या हलविण्याची सोय दिली होती, हे खरे. पण कागदाची वही कोणी दुसरा विकत घेऊन बंद करीत नाही.

सध्या प्रलंबित अहवालांची यादी 'टू डू'वर आहे, ती माझ्या व सिस्टरच्या अशा दोन्ही फोनवर दिसते. अहवाल हाती आला म्हणून तेथे खूण करायची नाही, असा दवाखान्याचा नियम आहे. पालकांशी प्रत्यक्ष बोलणे झाल्यावरच खूण होते, आणि रात्री निघण्यापूर्वी सिस्टर ती यादी वहीशी ताडून पाहतात.