सुनेच्या तपासणीआधी

अंबडच्या एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या मुलांच्या आईबाबांनो, जरा नाजूक बोलायचंय. मुलाला शाळेत असताना फिट येऊ लागली. तुम्ही गोळी कधी चुकू दिली नाहीत. स्थळं पाहताना मात्र ते सांगायचं राहून गेलं, की राहू दिलं? हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरं येणं लग्नाच्या आड यायचं. १९९९च्या दुरुस्तीने तो शब्दच काढला. आपल्या घरांतली भीती तेवढी राहिली.

मग दोन-तीन वर्षं पाळणा हलत नाही. सुनेची सोनोग्राफी होते, रक्त तपासतात, उपासही तिलाच. मुलगा ‘धडधाकट’, आणि त्याची गोळ्यांची पट्टी कपाटात कपड्यांखाली.

ती पट्टी बाहेर काढा. त्यावर व्हाल्प्रोएट असेल, तर शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांचं वेगळंच. पुरुषी संप्रेरकाला धरून ठेवणारं प्रथिन त्यांच्यामुळे वाढतं. रक्तात संप्रेरक दिसतं, कामाला मोकळं कमी उरतं. इच्छाही मंदावते. सगळ्यांनाच असं होत नाही. याच गोळ्या घेत बाप झालेले पुष्कळ आहेत. व्हाल्प्रोएटचा डोस कमी केल्यावर किंवा गोळी बदलल्यावर काहींचं भरून येतं. पण शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात, म्हणून पंधरा दिवसांत नवा रिपोर्ट मागू नका.

जानेवारी २०२४मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आणखी एक सावधगिरी सुचवली: गर्भ राहण्याआधीच्या तीन महिन्यांत वडील व्हाल्प्रोएट घेत असतील, तर बाळाच्या मेंदूच्या वाढीत अडचण येण्याचा धोका किंचित जास्त असू शकतो. शंभरात सुमारे पाच. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासेटॅम घेणाऱ्यांच्या मुलांत सुमारे तीन. हे गोळीमुळेच होतं, असं अजून सिद्ध झालेलं नाही.

आणि हे वाचून उद्यापासून गोळी बंद, असं अजिबात करू नका! अचानक थांबवली तर झटक्यांवर झटके येऊन जिवावर बेततं. त्यात रात्रपाळीचं जागरण, समोर चालू प्रेस मशीन. गोळी बदलायची ती मेंदूविकार तज्ज्ञांनीच, हळूहळू.

त्यांच्याकडे दोघा नवराबायकोला जाऊ द्या. तुमच्यासमोर तो इच्छेबद्दल अवाक्षर काढणार नाही. तुम्ही जुनी फाईल तेवढी शोधून द्या. पहिली फिट कधी आली, कोणती गोळी कधी बदलली, हे तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात नाही.