धवलेरीचे कौतुक
वारली विवाहात सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक ‘लिहितात’ आणि धवलेरी गीतांतून पालघट देवीला आवाहन करते. लेखन व गायन येथे एकाच विधीची अंगे आहेत. १९७० च्या दशकात चित्र कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या पुरुष चित्रकारांना (यथार्थच) कीर्ती लाभली. गीत मात्र विवाहमंडपातच राहिले. अभ्यासकांनी त्याची संहिता टिपली, पण चाल आणि विधिक्रम संहितेत मावत नाहीत. म्हणूनच शिकलेली वारली तरुणी धवलेरीशेजारी बसून गाऊ लागते, तेव्हा त्या वृद्धेच्या कौतुकाकडे निव्वळ वात्सल्य म्हणून पाहता येत नाही. ती जाणकाराची मान्यता असते. पुढील विवाहात गीत उचलण्याचा अधिकार तिच्यातूनच मिळतो.