भंगारातील धातू, विद्यापीठातील संशोधन आणि आपला वाटा

‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण आज एखादी वस्तू निरुपयोगी ठरवण्याच्या अर्थाने वापरतो. मूळ व्यवहार मात्र वेगळा होता. फुटके तांब्या-पितळेचे भांडे तांबटाला किंवा भांड्यांच्या दुकानात मोड म्हणून द्यायचे, वजनाप्रमाणे त्याची किंमत वळती करून नवे भांडे घ्यायचे. मोडीत गेलेले भांडे टाकले जात नसे. ते आटवून त्याचेच दुसरे भांडे घडत असे. कागदाचा तंतू दर वेळी आखूड होत जातो. धातू मात्र कितीही वेळा वितळवला तरी धातूच राहतो.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. धातुशास्त्र हा आमचा अभ्यासविषय नव्हे. तथापि कोणते ज्ञान कोणाच्या पैशातून निर्माण होते आणि त्याचा लाभ कोणाला मिळतो, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. त्या दृष्टीने धातूंच्या पुनर्वापरावरील संशोधनाचा येथे विचार करावयाचा आहे.

पुनर्वापराचे मोल आकड्यांत स्पष्ट दिसते. बॉक्साइटपासून ॲल्युमिनियम तयार करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्यात जुने ॲल्युमिनियम वितळवून सुमारे ९५ टक्के बचत होते. एक टन लोखंडी भंगारापासून पोलाद केले की सुमारे १.४ टन खनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. मग अडचण कोठे आहे?

अडचण मिसळणीची

जुना तांब्या एकाच धातूचा होता. आजच्या मोबाइलमध्ये डझनावारी मूलद्रव्ये एकमेकांत गुंतलेली असतात. मोटारगाडी भंगारात गेली की तिच्या तारांतील आणि लहान मोटारींतील तांबे पोलादाबरोबर भट्टीत उतरते. प्राणवायू सोडून इतर अशुद्धी जाळता येतात. परंतु तांब्याआधी लोखंडच जळू लागते, म्हणून तांबे त्या रसातच राहते. असे पोलाद तापवून लाटताना त्याच्या पृष्ठभागाला चिरा पडतात. त्यामुळे ते गाडीच्या पत्र्याऐवजी बांधकामाच्या सळयांसारख्या कमी प्रतीच्या कामाला लावावे लागते. ॲल्युमिनियममध्ये मिसळलेल्या लोखंडाचीही गोष्ट अशीच आहे.

ही मिसळण टाळण्याचे किंवा सोडवण्याचे शास्त्र शोधणे हे लहान भट्टीवाल्याच्या आवाक्यातील काम नव्हे. धातूचे भाव वरखाली होतात, नफा तुटपुंजा असतो, आणि प्रयोगाला फळ येण्यास दहा-दहा वर्षे लागतात. शिवाय एकदा सापडलेली युक्ती सर्वांच्याच उपयोगी पडते. म्हणून एकटा उद्योजक तिच्यासाठी पैसा ओतण्यास कचरतो. अशा ज्ञानाचा खर्च समाजाने, म्हणजे शासनाने, विद्यापीठांमार्फत उचलणे हेच योग्य ठरते.

सिडनीतील उदाहरण

प्रा. वीणा सहजवाला यांचा जन्म मुंबईचा. आयआयटी कानपूर येथे धातुशास्त्राचे अभियांत्रिकी शिक्षण घेऊन पुढे त्या ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात संशोधक झाल्या. भंगारापासून पोलाद करणाऱ्या विद्युत भट्टीत कोक वापरला जातो. त्याचा काही भाग वाचवून टाकाऊ टायरांचे रबर वापरता येईल काय, हा त्यांचा प्रश्न होता. प्रयोगशाळेत मिळालेले उत्तर वनस्टील या पोलाद कंपनीच्या भट्ट्यांपर्यंत पोहोचले. २००८ साली विद्यापीठात त्यांनी टाकाऊ पदार्थांवरील स्वतंत्र संशोधन केंद्र स्थापन केले. २०१४ साली ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिल या शासकीय निधी संस्थेने त्यांना आपली मानाची लॉरिएट फेलोशिप दिली. एप्रिल २०१८ मध्ये त्या केंद्राने इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी एक ‘सूक्ष्म कारखाना’ सुरू केला. अवघ्या ५० चौरस मीटर जागेतही मावू शकणाऱ्या या कारखान्यात जुनी उपकरणे फोडली जातात, उपयुक्त भाग वेगळे काढले जातात आणि नियंत्रित तापमानाच्या लहान भट्टीत त्यांतील धातू परत मिळवले जातात.

या उदाहरणातून आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली ही की, निधी वर्षा-दोन वर्षांत आटला नाही म्हणूनच संशोधन प्रयोगशाळेबाहेर पडू शकले. दुसरी ही की, पुनर्वापराचे तंत्र अवाढव्यच असले पाहिजे असे नाही. ते कचऱ्याजवळ, वस्तीजवळ, लहान प्रमाणातही उभे राहू शकते.

आपल्या देशातील निधी

भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो, असे २०२०-२१चे आकडे सांगतात. २०२३च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ ही संस्था निर्माण झाली. तिच्यासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची कल्पना मांडण्यात आली. त्यांपैकी सुमारे ३६,००० कोटी उद्योग व अन्य खासगी स्रोतांतून यावयाचे आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियानास मंजुरी मिळाली आणि त्याखाली आयआयटी मुंबईसह काही संस्थांना उत्कृष्टता केंद्रांचा दर्जा मिळाला. सप्टेंबर २०२५ मध्ये अशा खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. ती मुख्यतः कारखान्यांची क्षमता वाढवण्यासाठी आहे. आपल्या नागपुरात ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र ही संस्था कार्यरत आहे.

निधीचा ओघ सुरू झाला आहे. तो कोणाच्या प्रश्नांना उत्तर देणार, हे ठरावयाचे आहे.

भंगार वेचणारे हात

धातू भट्टीपर्यंत पोहोचण्याआधी तो कोणीतरी वेचलेला, सोललेला, वेगळा केलेला असतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सदस्यांत दलित समाजातील स्त्रिया बहुसंख्येने आहेत. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या या संघटनेच्या उभारणीत होत्या. या स्त्रियांच्या श्रमामुळे महापालिकेचा कचरा वाहतुकीचा खर्च वाचतो, हे आकड्यांनिशी मांडले गेले. २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था पुणे महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करीत आहे. विद्यापीठ वस्तीपर्यंत आले की काय घडते, याचे हे उदाहरण होय.

याउलट अनेक शहरांत तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात, सर्किटच्या पट्ट्या आम्लात बुडवल्या जातात. तो धूर आणि ते शिसे त्या वस्तीतील मुलांच्या शरीरात जाते. अशा ठिकाणी तार जाळण्याऐवजी सोलण्याचे स्वस्त यंत्र किंवा सुरक्षित छोटी भट्टी हाही विद्यापीठीय संशोधनाचा पुरेसा मोठा विषय आहे. केवळ मोठ्या कारखान्यांसाठी तंत्र विकसित झाले, तर भंगार तिकडे जाईल आणि वेचणाऱ्यांच्या हाती काहीच उरणार नाही. म्हणून पुनर्वापरावरील प्रत्येक प्रकल्पात या कामगारांच्या आरोग्याचा आणि मिळकतीचा हिशेब मांडलेला असावा, आणि निधी देताना तो तपासला जावा, अशी आमची मागणी आहे.

१९४२चे निवेदन

ही मागणी नवी नाही. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी व्हाइसरॉयना जे निवेदन सादर केले, त्यात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी शासकीय निधी मागितला होता. भर होता विज्ञान आणि तंत्रज्ञान यांवर. देशातील विद्यापीठांत व संस्थांत हे विषय शिकणाऱ्यांसाठी वार्षिक २ लाख आणि परदेशी विद्यापीठांसाठी वार्षिक १ लाख रुपये, अशी ती मागणी होती. केवळ साक्षर होऊन भागणार नाही, ज्ञान जेथे निर्माण होते तेथे आपली माणसे असली पाहिजेत, हा त्यामागील विचार होता.

आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले आज शिक्षक, लिपिक, परिचारिका, अभियंते झाली आहेत. धातुशास्त्राकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. पुण्यातील सीओईपी, नागपुरातील व्हीएनआयटी आणि आयआयटी मुंबई येथे ही शाखा शिकवली जाते. पुढे पीएच.डी.साठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या बार्टीचीही अधिछात्रवृत्ती आहे. पालकांनी दहावी-बारावीच्या वेळी संगणकाबरोबर या शाखेचीही चौकशी करावी. अभियंते झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस शाळेत येऊन पोलाद कसे होते, तांबे कसे वेगळे काढतात, हे मुलांना समजावून सांगावे. भंगाराचे ओझे ज्यांच्या आजीने डोक्यावर वाहिले, अशी मुले आपल्या वर्गांत आजही बसलेली आहेत. संशोधनाच्या निधीवर त्यांचाही हक्क आहे. तो मागण्याइतकी त्यांची तयारी करून घेणे हे आपणां सर्वांचे काम आहे.