मत तत्त्वाला द्यावे की निकालाला?



तुमच्यापैकी नववी-दहावीत शिकणारे आणखी तीन-चार वर्षांनी मतदार होतील. तेव्हा एक पेच कधी ना कधी समोर येईलच. एक उमेदवार अगदी आपल्या विचारांचा, पण निवडून येण्याची शक्यता नाही. दुसरा निम्माच आपल्या विचारांचा, पण जिंकू शकेल असा. तिसरा मुळीच नको असलेला. पहिल्याला मत दिले तर लोक म्हणतात, "मत वाया घालवलेस." दुसऱ्याला दिले तर म्हणतात, "तत्त्व सोडलेस." इतिहासात हा पेच फार मोठ्या प्रश्नावर पडला होता. तो आज पाहू.

१८४४ ची निवडणूक

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती. १८४० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे २५ लाख होती. १८४४ मध्ये अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे जेम्स पोल्क आणि व्हिग पक्षाचे हेन्री क्ले यांच्यात मुख्य लढत झाली. दोघेही स्वतः गुलामांचे मालक! मात्र पोल्क यांना गुलामगिरी असलेला टेक्सस प्रदेश देशात सामील करून घ्यायचा होता. क्ले यांनी आधी विरोध केला, पण पुढे त्यांची भाषा डळमळीत झाली. तिसरे उमेदवार होते लिबर्टी पक्षाचे जेम्स बर्नी. आपले गुलाम मुक्त करून ते गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत उतरले होते.

न्यूयॉर्क राज्यात क्ले सुमारे ५,१०० मतांनी हरले. तेथे बर्नी यांना सुमारे १५,८०० मते होती. त्यांतली एक तृतीयांश मते क्ले यांना मिळाली असती, तर त्या राज्याची ३६ निर्वाचक मते त्यांच्याकडे गेली असती. मग पोल्क १७० आणि क्ले १०५ हा निकाल उलटून पोल्क १३४ आणि क्ले १४१ असा झाला असता. प्रत्यक्षात १८४५ मध्ये टेक्सस गुलामगिरीचे राज्य म्हणून सामील झाले आणि १८४६ ते १८४८ मेक्सिकोशी युद्ध झाले.

लिंकन यांचा सवाल

अब्राहम लिंकन तेव्हा व्हिग पक्षाचे काम करणारे एक वकील होते. ऑक्टोबर १८४५ मध्ये त्यांनी लिबर्टी पक्षाच्या एका समर्थकाला पत्र लिहिले. त्याचा आशय असा : गुलामांच्या मालकाला मत देणे पाप, असे तुम्ही म्हणता. पण त्या मताने गुलामगिरीचा विस्तार थांबला असता, तर ते मत वाईट कसे? झाड फळावरून ओळखावे.

सवाल बिनतोड वाटतो. पण गोष्ट येथे संपत नाही.

दुसरी बाजू

लिबर्टी पक्षाचे लोक पराभवानंतर घरी बसले नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांनी १८४८ मध्ये इतरांशी हात मिळवून फ्री सॉइल पक्ष काढला. नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको, एवढीच मर्यादित मागणी त्यांनी पुढे केली आणि सुमारे १० टक्के मते मिळवली. १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला तेव्हा यांतले बरेच जण त्यात आले. १८६० मध्ये त्याच पक्षातर्फे लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. ज्यांना त्यांनी बोल लावला होता, त्यांनी नांगरलेल्या जमिनीवरच त्यांचे पीक आले! डिसेंबर १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

गुलामगिरीतून निसटून आलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनी लिंकन यांच्यावर अनेकदा टीका केली होती. पण १८७६ च्या भाषणात त्यांनी दोन्ही मापे लावली : चळवळीच्या नजरेने लिंकन फार संथ होते, पण देशाच्या तेव्हाच्या जनमताच्या मानाने ते फार पुढे होते.

या लढ्याचे मोल महाराष्ट्रातही ओळखले गेले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ चा आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांनाच अर्पण केला.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडेही लोकसभा-विधानसभेत ज्याला सर्वांत जास्त मते, तो विजयी. म्हणून मतविभागणीचा प्रश्न येथेही येतो. मला वाटते, मत देण्यापूर्वी पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यावीत. पहिला : जिंकू शकणाऱ्या दोघांत खरा फरक आहे का, आणि चुकीच्या निकालाची किंमत कोण मोजणार? १८४४ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मतदाराने नव्हे, टेक्ससमधल्या गुलामाने मोजली. दुसरा : मतदानानंतर मी काय करणार? तत्त्वाला मत देऊन पुढची निवडणूक येईपर्यंत झोपणारा आणि सोयीचे मत देऊन निवडून आलेल्याला जाब न विचारणारा, दोघेही सारखेच चुकतात.

विचार करा

१. तुम्ही १८४४ मध्ये न्यूयॉर्कचे मतदार असता तर मत कोणाला दिले असते? का?
२. फ्री सॉइल पक्षाने मागणी मर्यादित केली. ही तडजोड होती की शहाणपण? घरी आई-वडिलांशी चर्चा करून दहा ओळी लिहा.