कार्बोरेटरची जोडी : दुप्पट नव्हे, समान

महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, म्हणजे १ मे रोजी, हॅनोव्हरमध्ये गेली कित्येक वर्षे बीटल गाड्यांचा मेळा भरत आला आहे. जर्मन लोक या गाडीला 'केफर' म्हणतात, म्हणजे भुंगा. अशा मेळ्यात मागचे झाकण उघडून ठेवलेल्या गाड्यांभोवती गर्दी दिसते. झाकणाखाली इंजिनाच्या दोन्ही अंगांना एकेक कार्बोरेटर चमकत असतो. बघणाऱ्याला वाटते, दोन कार्बोरेटर म्हणजे दुप्पट पेट्रोल आणि दुप्पट ताकद. प्रत्यक्षात ही जोडी बसवण्याचे कारण वेगळे आहे आणि ते नीट न समजल्यास महागडे इंजिन जळू शकते.

एका कार्बोरेटरची अडचण

कार्बोरेटरला जर्मन भाषेत 'फेरगाझर' म्हणतात, म्हणजे वायू बनवणारा. पण त्यातून वायू बाहेर पडत नाही, पेट्रोलचे बारीक थेंब बाहेर पडतात. सुरुवातीच्या गाड्यांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेली जाई आणि वाफेवर काम भागवले जाई. १८९३ साली विल्हेल्म मायबाख यांनी फवाऱ्याचा कार्बोरेटर तयार केला. आवळलेल्या नळीतून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते. हा आवळलेला गळा म्हणजे व्हेंच्युरी आणि ते मोजून पाडलेले छिद्र म्हणजे जेट. आपल्या चेतक स्कूटरमध्ये किंवा पद्मिनीतही हेच तत्त्व होते.

बीटलच्या इंजिनात चार सिलिंडर दोन-दोन करून समोरासमोर आडवे असतात. मूळ कार्बोरेटर मधोमध एकच असतो. तिथून निघालेल्या मिश्रणाला लांब, बारीक नळीतून डावीकडे-उजवीकडे जावे लागते. वाटेत पेट्रोलची वाफ होताना नळी गार पडते, काही थेंब भिंतीला चिकटतात आणि दमट थंडीत तर आत बर्फही धरतो. म्हणूनच मूळ नळीला सायलेन्सरच्या गरम वायूंनी ऊब द्यावी लागते. एवढे करूनही प्रत्येक सिलिंडरला सारखाच वाटा मिळेल याची खात्री नसते.

प्रत्येक बाजूला स्वतंत्र कार्बोरेटर दिला की वाट आखूड होते. फोक्सवागनने स्वतः १९६३च्या १५०० एस मॉडेलमध्ये हेच केले. एका कार्बोरेटरच्या १५००ची शक्ती ४५ अश्वशक्ती होती, एस मॉडेलची ५४. अर्थात त्यात कॉम्प्रेशन वाढवल्याचाही वाटा होता.

माप कसे निवडायचे?

समजा, १५८४ घन सेंटिमीटरच्या इंजिनात ८५.५ऐवजी ९०.५ मिमी व्यासाचे पिस्टन घालून ते १७७६ केले. यासाठी इटलीच्या वेबर कंपनीचे दोन ४० आयडीएफ कार्बोरेटर ही प्रचलित निवड आहे. ४० म्हणजे थ्रॉटलजवळच्या नळीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. प्रत्येक कार्बोरेटरला दोन नळ्या असतात, म्हणजे एका सिलिंडरला एक नळी. मग मोठे ४४ का घेऊ नयेत? हिशेब करून पाहू.

एका सिलिंडरचे आकारमान ४४४ घन सेंटिमीटर. मिनिटाला २००० फेरे असताना हवा आत घेण्याचा अर्धा फेरा १५ मिलिसेकंदांत संपतो. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सिलिंडर पूर्ण भरतो असे धरले, तर २८ मिमीच्या व्हेंच्युरीतून हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ४८ मीटर येतो. ४४ आयडीएफमध्ये येणाऱ्या ३६ मिमीच्या व्हेंच्युरीत तो २९ मीटरवर उतरतो. पेट्रोल ओढणारा दाबातला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून ओढ जवळजवळ पावणेतीन पटींनी कमी होते. चढावर किंवा सिग्नलवरून निघताना पाय दाबला की गाडी अडखळते, ती यामुळे. शर्यतीत सतत वरच्या फेऱ्यांवर पळणाऱ्या इंजिनाला मोठा गळा लाभतो, रस्त्यावरच्या गाडीला लहानच बरा.

मुख्य जेटसाठी एक ठोकताळा आहे : व्हेंच्युरीचा व्यास गुणिले चार. २८ गुणिले ४ म्हणजे ११२, म्हणून सुरुवात ११५ क्रमांकाने करावी. ११५ म्हणजे छिद्राचा व्यास १.१५ मिमी. ११५वरून १२०वर गेलो की छिद्राचे क्षेत्रफळ सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पंपावरचे ई-१० पेट्रोल भरले तर मिश्रण साधारण ४ टक्क्यांनी विरळ होते, कारण इथेनॉलच्या रेणूत आधीच ऑक्सिजन असतो. म्हणून जेट ज्या पेट्रोलवर ठरवला, तेच पेट्रोल पुढेही भरावे.

जुळवणी

बैलजोडीतला एक बैल मागे राहिला की नांगराचा तास वाकडा जातो. इथेही तसेच आहे.

१. कार्बोरेटरला हात लावण्याआधी थंड इंजिनावर व्हॉल्व्हची फट ०.१५ मिमी करा, प्लग आणि इग्निशनची वेळ तपासा. इग्निशनचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारला की दिवस फुकट जातो.

२. इंजिन पूर्ण गरम करा. इंजिनाची धातूची पेटी गरम झाल्यावर रुंदावते, दोन कार्बोरेटरांमधले अंतर वाढते आणि त्यांना जोडणारी दांडी थ्रॉटल ओढते. थंड इंजिनावर केलेली जुळवणी म्हणूनच टिकत नाही.

३. दांडी सोडवून ठेवा. हवेचा प्रवाह मोजणारे छोटे यंत्र प्रत्येक नळीच्या तोंडावर धरा आणि थ्रॉटलचे स्क्रू फिरवून दोन्ही बाजूंचा आकडा सारखा करा.

४. मिश्रणाचा स्क्रू इंजिन अडखळेपर्यंत हळू आत फिरवा, मग सुरळीत होईपर्यंत बाहेर काढा. चारही नळ्यांसाठी हेच करा. स्क्रू आवळू नका, टोक बिघडते.

५. दांडी परत जोडा. आकडे बदलले तर दांडीची लांबी सुधारा, थ्रॉटलच्या स्क्रूंना हात लावू नका. शेवटी ३००० फेऱ्यांवरही दोन्ही बाजू सारख्या आहेत का, ते पाहा.

सरासरीवर विसंबू नका

आजकाल बरेच जण सायलेन्सरमध्ये लॅम्डा सेन्सर बसवतात. लॅम्डा १ म्हणजे जळायला लागते तेवढीच हवा, त्याहून कमी म्हणजे पेट्रोल जास्त. पूर्ण जोरात ०.८७च्या आसपासचा आकडा सुरक्षित मानतात, कारण जास्तीचे पेट्रोल ज्वलनाचे तापमान खाली ठेवते.

पण सेन्सर चारही नळ्या एकत्र आल्यानंतर बसवलेला असेल, तर तो सरासरी सांगतो. समजा, डाव्या जेटमध्ये कचरा अडकला किंवा डाव्या गॅस्केटमधून हवा शिरू लागली. तिथे लॅम्डा १ झाला. उजवीकडे मिश्रण दाट, ०.७६. काट्यावर मात्र ०.८७च्या आसपासच दिसेल! चालक निर्धास्तपणे आउटोबानवर पाय दाबून ठेवतो आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची डावी बाजू तापत जाते. पिस्टनला भोक पडते, ते असे. उपाय सोपा आहे : दोन्ही बाजू स्वतंत्र मोजा, निदान चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. एकच प्लग पांढरा पडला असेल तर काट्यापेक्षा त्याचे ऐका.

आणि कागदपत्रे

जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या, सुस्थितीतल्या गाडीला एच-नंबर मिळू शकतो. वर्षाचा कर १९१.७३ युरो ठरलेला असतो आणि शहरांतल्या पर्यावरण-क्षेत्रांत जायला हिरवे स्टिकर लागत नाही. पण गाडीतले बदल तिच्या काळातले असावे लागतात, साधारणपणे पहिल्या दहा वर्षांत शक्य असलेले. इंजिन आणि कार्बोरेटर बदलले की परीक्षकाकडून कागदपत्रांत नोंद हवी. नाहीतर रस्त्यावर चालवण्याची परवानगीच बाद होऊ शकते, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. म्हणून सुटे भाग मागवण्याआधी परीक्षकाला एकदा भेटा.

ही जोडी इंजिनाला ताकद उसनी आणून देत नाही. जी आहे ती चारही सिलिंडरांत सारखी वाटते. ती वाटणी बरोबर होते की नाही, ते पाहणे मात्र आपल्याच हातात राहते.