भाडं नंतर, खोकं आधी

उरण,
२२ डिसेंबर २०२५

चि. चिऊस,


परदेशात मूर्ती पाठवायला सगळ्यांत स्वस्त कोण, असं तू फोनवर विचारलंस. दोन-तीन नावं सांगून मोकळा झालो असतो, पण त्यानं तुझं काम झालं नसतं. न्हावा-शेव्याला क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत मी सगळी नोकरी काढली. ज्याच्याकडे कंटेनरभर माल असतो तो दरासाठी घासाघीस करू शकतो. पेणला घरात बसून महिन्याला पाच-पन्नास शाडूच्या मूर्ती विकणाऱ्या मुलीला कोण दर उतरवून देणार? तुझ्या हातात तीनच गोष्टी आहेत : मूर्तीचं वजन, खोक्याचं माप आणि कागदावरचा मजकूर. स्वस्ताई काढायची ती तिथूनच.

आधी माप. कुरिअरवाले नुसता काटा बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि ते वजन काट्यापेक्षा जास्त निघालं तर त्याचेच पैसे लावतात. तुझी आठ इंची मूर्ती चहूबाजूंनी भरण घालून ३० बाय ३० बाय ३५च्या खोक्यात बसली, तर हिशेबाला ती ६.३ किलोची झाली, मग काट्यावर तीन का भरेना. तीच मूर्ती चार इंची केलीस आणि १८ बाय १८ बाय २०चं खोकं वापरलंस, तर हिशेब येतो १.३ किलोचा. म्हणून परदेशासाठी मूर्ती वेगळीच घडव. हात अंगासरशी, सोंड पोटाला टेकलेली, कान मागे न फाकलेले, आतून जमेल तेवढी पोकळ. प्रभावळ मातीची नको. पुठ्ठ्याची घडी करून तळाशी चपटी ठेव, घेणारा ती तिकडे उभी करेल. बाहेर आलेला प्रत्येक अवयव खोकं वाढवतो आणि वाटेत पहिल्यांदा तोच मोडतो. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याकडचे कारखाने मोठ्या मूर्ती पाठवतात म्हणून तूही पाठवाव्यास असं नाही. त्यांच्या मूर्ती बोटीनं, कंटेनर भरून जातात. तो धंदाच वेगळा.

सुट्या पार्सलसाठी आधी टपालखात्याकडे जा. लहान पार्सलांना टपाल परवडतं, त्याला कारण आहे. जागतिक टपाल संघ १८७४ साली स्थापन झाला आणि भारत त्यात १८७६ पासून आहे. एका देशाचं टपाल दुसऱ्या देशानं घरोघर वाटायचं आणि त्याचा मोबदला खात्यांनी आपसांत चुकता करायचा, अशी ती व्यवस्था. तिकडच्या पोस्टमनचे पैसे तुला वेगळे शोधून भरावे लागत नाहीत. मात्र हा मोबदला पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. संघाच्या २०१९च्या जिनिव्हा परिषदेत अमेरिकेनं स्वतःचे दर स्वतः ठरवायची मुभा मिळवली, तेव्हापासून तिकडचं टपाल महागत गेलं. हलक्या मालासाठी आयटीपीएस ही माग काढता येणारी सेवा आहे, घाई असेल तर आंतरराष्ट्रीय स्पीड पोस्ट. दोन्हींचे देशवार दर काढ आणि मूर्तीची किंमत ठरवण्याआधी काढ. गिऱ्हाइकाला ‘शिपिंग फ्री’ म्हणायचं आणि मग पोस्टात जाऊन आवंढा गिळायचा, हे नको.

कागद वाटतात तेवढे अवघड नाहीत. आयईसी म्हणजे निर्यातीचा परवाना-क्रमांक. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघतो, फी ५०० रुपये. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो ताजा करावा लागतो, हे लोक विसरतात. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे हमीपत्र, तुमच्या सीएकडून भरून घे. पूर्वी निर्यातीच्या पार्सलासाठी विदेश डाक कार्यालयाची पायरी चढावी लागे. आता डाक घर निर्यात केंद्राच्या पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरायचं, लेबल छापायचं आणि पार्सल केंद्रावर नेऊन द्यायचं. पुढचं कस्टम्सचं काम तुझ्याविना होतं. तुमच्या जवळचं केंद्र कोणतं, हे पेणच्या पोस्टात विचार. आपल्या दारात १९८९पासून न्हावा-शेव्याचं एवढं बंदर उभं आहे, आणि तुझी वीतभर मूर्ती मात्र मुंबईमार्गे विमानानं जाणार. असो.

मजकूर खरा लिही. ‘गिफ्ट’ लिहून जकात वाचवायचा सल्ला तुला चार जण देतील. ते चार जण पार्सल अडकल्यावर फोन उचलत नाहीत. विक्री आहे तर विक्री लिही, घेतलेली किंमतच लिही. वर्णनात नुसतं ‘मूर्ती’ नको. कशाची, रंगवलेली की कशी, किती नग, तेही. कमी किंमत लिहिलीस आणि मूर्ती फुटली, तर भरपाईही तेवढ्याच किमतीवर मागता येईल.

आता अमेरिका, कारण तुझी निम्मी विचारणा तिकडची. ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल तिथे बिनजकातीचं उतरायचं. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ला संपली. त्याआधी २५ तारखेपासून आपल्या टपालानं तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं होतं आणि आपल्या मालावरची ५० टक्के जकात लागू झाली २७ तारखेला, नेमकी गणेश चतुर्थी! टपाल पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला, पण नव्या रीतीनं. जाहीर किमतीवरची जकात पोस्ट बुकिंगच्या वेळीच तुझ्याकडून घेतं; २०२५मध्ये ती सरसकट ५० टक्के लागली. म्हणजे दोन हजारांच्या मूर्तीवर हजार रुपये, टपालखर्च वेगळा. त्या वेळच्या दरानं होणारी जकात गिऱ्हाइकाला आधी सांगायची आणि त्याच्याकडून आधी घ्यायची. सवलत नाहीशी झाली ती काही आठवड्यांच्या नोटिशीवर, आणि उद्या दर खाली आले तरी तेही असेच येतील. तेव्हा अमेरिकेचा भाव महिनाभरापुरताच दे, वर्षभराचा देऊ नकोस.

एकाच देशावर विसंबू नकोस, हे यातूनच आलं. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाला जकात नाही, पण व्हॅट आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारातून विकलंस तर तो बाजारच कापून भरतो, स्वतःच्या पानावरून थेट विकलंस तर ती जबाबदारी तुझी. युरोपीय संघ १५० युरोंखालच्या पार्सलांवरही १ जुलै २०२६ पासून वस्तूमागे तीन युरो घेणार आहे. २०२६ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे जर्मनीच्या ऑर्डरी जूनमध्येच तिथे पोचतील असं बघ. मॉरिशसमध्ये तर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या मराठी मंडळींना एकदा विचारून पाहा.

ऑस्ट्रेलियाला पाठवताना भाताचा पेंढा अजिबात वापरू नकोस. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मूर्ती पेंढ्यातच बसवून नेतात, पण तिकडचं जैवसुरक्षा खातं पेंढा बघताच पार्सल अडवतं. आंब्याची जुनी पेटी किंवा अंड्यांचे ट्रेही चालत नाहीत. कच्च्या मातीच्या वस्तूबद्दल त्यांचे नियम आधी वाच, मग ऑर्डर घे. चुरगाळलेला कागद आणि कोरी खोकी वापर, खोक्यात खोकं. मूर्ती पूर्ण वाळलेली हवी. पावसाळ्यात रंगवून लगेच बंद केलेली शाडू वाटेत दमट होते. पहिलं भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवरून प्रत्येक कडेवर पाडून बघ. एक मूर्ती जाईल, जाऊ दे. आणि प्रेमानं त्यात पोह्याच्या पापडांचं पुडकं सारू नकोस! खाद्यपदार्थांचे नियम निराळे, त्यांच्यापायी मूर्तीही अडकते.

विक्री जमली की बोटीचा विचार कर. बोटीवर दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरमध्ये जागा भाड्यानं मिळते, एक घनमीटर हा त्याचा नेहमीचा किमान हिशेब. २५ बाय २५ बाय २८ची पन्नासएक खोकी त्यात मावतात. तुझ्या एकटीकडे तेवढा माल एका शहराला जाणार नाही. गल्लीतल्या आणखी चौघी मिळाल्या तर जाईल. तिकडे मात्र उतरवून घेऊन वाटणारं एखादं महाराष्ट्र मंडळ आधी पक्कं हवं, नाहीतर बंदरावरचा खर्च भाड्याच्या वर जातो. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जातात. युरोपला त्यानं साधारण दोन आठवडे वाढतात. तेव्हा चतुर्थीचा माल एप्रिलमध्ये निघायला हवा. ही कागदपत्रं मी स्वतः बघेन, त्याची फी नाही.

जानेवारीत आयईसी काढ, चार इंची मूर्तीचा साचा कर आणि तिचं भरलेलं खोकं मोजून मला माप कळव. तोवर अमेरिकेची एकही ऑर्डर कबूल करू नकोस. ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझा,
मामा